बाईंना कमी ऐकू येतं

रोलँडचा फोन आला तेव्हा मी बोळिंजच्या घरी नव्या शालेय वर्षाच्या कामांची यादी करत बसले होते. खडू, डस्टर, पहिलीच्या वर्गासाठी अक्षरांचे तक्ते, पाण्याच्या टाकीची साफसफाई. ‘मॅडम, आंटी गेली... पहाटे, झोपेतच,’ तो म्हणाला. रोलँड म्हणजे आमच्या एल्विना बाईंचा भाचा. दफनविधीची वेळ त्याने सांगितली, ती मी त्याच कागदाच्या मागच्या बाजूला लिहून घेतली आणि खाली कामं मांडली: शिक्षकांना कळवणे, माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर निरोप, फुलं, चर्चमध्ये शाळेतर्फे दोन शब्द. शेवटच्या कामापुढे स्वतःचं नाव लिहिलं, कारण मुख्याध्यापिका मीच. एकेका कामावर खूण होत गेली. चर्चमध्ये मी बोलले तेही नीट झालं असं सगळे म्हणाले. पण बोलून बाकावर परत बसले तेव्हा लक्षात आलं की वक्तशीरपणा, निष्ठा, विद्यार्थ्यांवरचं प्रेम असं कोणत्याही शिक्षिकेबद्दल बोलता येईल तेवढंच मी बोलले होते. त्यांच्या वर्गात नेमकं काय चालायचं, ते सांगायचं राहूनच गेलं. ते आता लिहिते आहे.

एल्विना बाई पाचूबंदरच्या. घरातले पुरुष होडीवर आणि बायका मासळीच्या व्यवहारात, अशा घरातली शिकून शिक्षिका झालेली ही पहिली मुलगी. आमच्या छोट्या मराठी प्राथमिक शाळेत त्या माझ्या आधीपासून होत्या आणि निवृत्त होईपर्यंत पहिलीच शिकवत राहिल्या. वरचे वर्ग देऊ केले तर ‘तिथे पोरं तयार होऊन येतात, त्यात काय मजा?’ म्हणायच्या. अंगाने किरकोळ, केसांचा घट्ट अंबाडा, कडक इस्त्रीची सुती साडी. लग्न केलं नव्हतं. स्टाफरूममध्ये कमी बोलत, पण बोलल्या की समोरच्याला उत्तर सुचत नसे. मला भरभर कामं उरकायची सवय, त्यात समोरच्याचं वाक्य पुरं होण्याआधीच त्याचा शेवट मी करून टाकते. एकदा असं झाल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, ‘माझं वाक्य तुम्ही घेतलंत ना मॅडम, मग ते तपासायचे पेपर पण घ्या.’

जून महिन्यात, शाळेच्या पहिल्या दिवशी, त्या वर्गाला एकच सूचना देत. ‘पोरांनो, मला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. आणि उजव्याने त्याहून कमी.’ मग वर्गाच्या पार मागे, खिडकीशी जाऊन उभ्या राहत आणि एकेकाला नाव विचारत. पहिलीतलं पोर पहिल्या दिवशी नाव कसं सांगतं ते सगळ्यांनाच माहीत आहे. हनुवटी छातीला, आवाज पोटात. बाई खिडकीशी उभ्या राहूनच कानामागे हात धरून म्हणायच्या, ‘काय? मला नुसता वारा ऐकू येतोय.’ पोर पुन्हा सांगे. ‘अजून वाराच आहे.’ एव्हाना वर्ग हसायला लागलेला असे, पण त्या पोराला नाही, बाईंच्या कानाला. मग ते पोरही हसे आणि एकदम नाव ओरडून सांगे. ‘हां, आलं! एवढं चांगलं नाव, लपवत कशाला होतास?’ संपलं. दुसरं पोर. अख्खा दिवस त्यात जाई. मी नवी मुख्याध्यापिका असताना माझ्या वेळापत्रकात त्या दिवशी अंकओळख होती. त्यांनी ती घेतली नाही आणि मी ते वेळापत्रक पुढच्या वर्षी बदललं.

त्यांना उत्तम ऐकू येत होतं हे स्टाफरूममध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. दोन टेबलं पलीकडची कुजबुज त्यांना पोचत असे आणि त्या पलीकडूनच तिला जोड देत. ‘मुलांशी रोज खोटं बोलायचं, हे बरं दिसतं का?’ असं मी एकदा विचारलं. त्यावर त्यांनी आईची गोष्ट सांगितली. त्यांची आई बंदरावर मासळीचा लिलाव पुकारायची. घेणारे लोक चतुर. भाव जाहीर न करता जवळ येऊन तिच्या कानात पुटपुटायचे, म्हणजे नंतर मासळी नरम वाटली तर ‘मी बोललोच नव्हतो’ म्हणायला मोकळे. आई टोपलीवर हात ठेवून सगळ्यांच्या देखत विचारायची, ‘कोन बोलला? मना आयकू नाय आला!’ मग त्याला मोठ्याने सांगावं लागे. चारचौघांत बोललेला भाव मागे घेता येत नसे, ती बंदरावरची रीत. ‘हळू बोललेला माणूस मागे फिरतो, मॅडम,’ एल्विना बाई म्हणाल्या, ‘मोठ्याने बोललेला फिरत नाही. स्वतःचं उत्तर एकदा सगळ्यांना ऐकू गेलं की पोर त्या उत्तराच्या बाजूने उभं राहतं. चुकलं तरी.’

यावर मी नंतर बराच विचार केला, कारण आम्ही बाकीचे नेमकं उलट करत होतो. मूल पुटपुटलं की आपण वाकतो, कान त्याच्या तोंडाशी नेतो, अर्धा शब्द ऐकून उरलेला आपण पुरा करतो आणि ‘शाब्बास’ म्हणतो. हे सगळं मायेनेच होतं. पण त्यातून मुलाला कळतं की एवढा आवाज पुरतो, बाकीचं बाई बघून घेतील. हीच पोरं सुट्टीत मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हाका मारतात, बंदरावर आईच्या टोपलीशेजारी उभी राहून गिऱ्हाईक बोलावतात. आवाज त्यांच्याकडे असतोच. वर्गात तो मागितला जात नाही. एल्विना बाई मागायच्या, आणि मिळेपर्यंत खिडकीपासून हलायच्या नाहीत. वर्षअखेरीला त्यांची पोरं दुसरीत जात तेव्हा तिथल्या शिक्षिका तक्रार करत, ‘किती ओरडून उत्तरं देतात ही!’ ती तक्रार मी कधी सोडवली नाही.

या पद्धतीला एक अपवाद होता आणि तो महत्त्वाचा आहे. सरसकट सगळ्यांसाठी त्यांचे कान बंद नसत. एखाद्या मुलाच्या घरात काही दुःख झालं असेल, एखादं मूल अडखळत बोलत असेल, तर त्याचं बोलणं बाईंना पहिल्याच वेळी ऐकू येई. खिडकीशी उभ्या असल्या तरी सहज चालत आल्यासारख्या जवळ येत, समोर बघत, आणि शेवटचा शब्द सुटेपर्यंत थांबत. मधे एक अक्षर पुरवत नसत. ‘लपलेला आवाज ओढून काढायचा. अडलेल्या आवाजासाठी थांबायचं. यात गल्लत झाली तर पोराचं वाटोळं,’ हे त्यांचं वाक्य मी नव्या शिक्षिकांना अजून सांगते. कोण कुठल्या प्रकारचं, हे त्या पहिल्या काही दिवसांत ओळखत आणि त्यांचं ओळखणं चुकल्याचं मला आठवत नाही.

सेजल त्यांच्या शेवटच्या वर्गांपैकी एका वर्गात आली. तिची आई बाजारात मासळी विकायला बसते. पोरगी चुणचुणीत, डोळे सगळीकडे, पण बोलायला लागली की पहिल्या अक्षराशीच अडकायची आणि अडकली की मान खाली घालून मूठ आवळायची. जून ते दिवाळी तिचं छान चाललं. दिवाळीच्या सुट्टीनंतर थोड्याच दिवसांत तिची आई टोपली बाहेर शिपायाकडे ठेवून ऑफिसात आली. ‘मोठ्या बाई, एक सांगू? रागावू नका.’ शाळेत मुलं मला मोठ्या बाई म्हणतात, तेच त्यांचे पालकही म्हणतात. मी बस म्हटलं, ती बसली नाही. ‘आमची पोर सालंत यायला नको बोलते. बाई तिला परत-परत बोलायला लावतात. सगल्या पोरांसमोर. एकदा बोलताना तिचा जीव जातो, तीन-तीनदा कशी बोलंल ती? आधी बाई अश्या नव्हत्या. आधी तर सेजल घरी पन बाईचंच नाव घेत बसायची.’

‘ती बाईंची पद्धत आहे,’ हे उत्तर माझ्याकडे तयार होतं. त्याआधीही दोन-चार पालकांना मी ते देऊन परत पाठवलं होतं. पण सेजलच्या बाबतीत ती पद्धत नव्हती. एल्विना बाई अडखळणाऱ्या मुलीला तीनदा बोलायला लावतील हे शक्यच नव्हतं... म्हणजे मग कारण एकच उरत होतं.

मी वर्गाच्या दारात जाऊन उभी राहिले. बाई फळ्यावर लिहीत होत्या, पाठ वर्गाकडे. सेजल उभी राहून काहीतरी सांगत होती, अडत, थांबत, पुन्हा सुरू करत. सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता. बाईंचा खडू चालूच. पुढच्या बाकावरच्या मुलीने उठून त्यांच्या साडीचा पदर ओढला, तशा त्या वळल्या. ‘काय गं सेजल? सांग परत.’ सेजल खाली बसली. मी दारातून नेहमीच्या आवाजात ‘एल्विना बाई’ अशी हाक मारली. पदर ओढणाऱ्या मुलीने मला खूण करून सांगितलं, ‘मोठ्या बाई, मागून नाही बोलायचं. समोर यायचं.’ मुलांनी आपापली व्यवस्था केव्हाच लावून घेतली होती.

शाळा सुटल्यावर मी त्यांना ऑफिसात बोलावलं. बोलायचे मुद्दे कागदावर काढले होते: डॉक्टर, कानाचं मशीन, ते नको असेल तर वाचनालय आणि दप्तराचं काम. त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. कधीपासून असं होतंय, विचारलं. ‘नक्की सांगता येत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘इतकी वर्षं नाटक केलं, ते कुठे संपलं आणि हे कुठे सुरू झालं, मलाच कळलं नाही. आधी कोणाचं ऐकायचं नाही ते मी ठरवायचे. आता कान ठरवतात.’

‘मग मशीन लावा.’

‘मशीन लावलं की पोरांना कळणार, बाईंना ऐकू येतं. पुन्हा सगळी पुटपुटायला लागणार. मग मी तिथे करायचं काय?’

‘आणि सेजल?’

पंख्याचा आवाज येत होता, तो मला एकटीलाच. मी स्पष्ट सांगितलं की सेजल शाळेत यायची थांबली तर पहिलीचा वर्ग मला दुसऱ्या शिक्षिकेला द्यावा लागेल. मुख्याध्यापिकेला दुसरं काही सांगता आलं नसतं आणि त्यांनाही दुसरं काही अपेक्षित नव्हतं. निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. वाचनालयात तो मानाने निघून गेला असता. त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, ‘मॅडम, बाकीच्यांचं मी कसंही निभावेन. त्या एकीचं ऐकू येत नसेल तर मी तुमच्याआधी खुर्ची सोडते.’ त्याच आठवड्यात रोलँड त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला.

मशीन लावून त्या वर्गात आल्या तो दिवस मी हजेरीपट तपासायच्या निमित्ताने मागच्या बाकावर बसून पाहिला. कानामागे अडकवायचं, गव्हाळ रंगाचं, बोटाच्या पेराएवढं यंत्र. अंबाड्यामुळे लपायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी ते नीट बसवायला हात वर नेला तशी त्यातून बारीक शिट्टी वाजली आणि वर्ग उसळला. ‘बाई, कुकर! तुमच्या कानात कुकर!’ बाईही हसल्या. मग त्यांनी सांगून टाकलं की आपल्याला खरंच कमी ऐकू येतं, म्हणून हे यंत्र. मला वाटलं होतं, वर्ग गप्प होईल. एकालाही आश्चर्य वाटलं नाही. त्यांच्या लेखी बाई पहिल्या दिवसापासून बहिऱ्याच होत्या, मोठ्या माणसांना उशिरा कळलं एवढंच.

सेजलने हात वर केला. वर्गात तिने आपणहून हात वर केल्याला बरेच दिवस झाले होते. ‘बाई, आ... आ... आता ऐकू येतं?’

‘येतं.’

‘मी ह... हळू बोलले तरी?’

‘तू कशीही बोल.’

लगेच चारी बाजूंनी गलका. ‘बाई, आम्ही पण हळू बोलू?’ ‘बाई, मी पण!’ बाईंनी वर्गाकडे बघितलं, हात कानामागे नेला आणि बटण दाबलं. ‘तुमच्यासाठी मशीन बंद. फक्त सेजलसाठी चालू.’ आणि नेहमीसारख्या मागे खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

मला ते पटलं नाही. एका मुलीला असं वेगळं काढणं बरोबर नाही, तिच्या दोषावर बोट ठेवल्यासारखं होईल, असं माझं मत होतं आणि मी ते नोंदवलं. बाई म्हणाल्या, ‘बघू.’ झालं ते आम्हा दोघींच्याही हिशोबात नव्हतं. मुलांनी सेजलकडे दोष म्हणून पाहिलंच नाही, त्यांना ती सोय वाटली. प्रत्येक मुलाकडे काहीतरी असं असतंच, जे ओरडून सांगता येत नाही. चड्डी ओली झाली. पेन्सिल कुणी घेतली ते माहीत आहे, पण घेणारा शेजारीच बसलाय. बाबा रात्री घरी आले नाहीत. आता या गोष्टी सेजलमार्फत जाऊ लागल्या, कारण मशीन चालू व्हायचं ते तिच्यासाठी. पोरं तिच्या कानात सांगत, ‘तू सांग ना बाईंना,’ आणि ती उठून बाईंसमोर उभी राहून, अडत अडत, पूर्ण सांगे. घाई कोणी करत नसे, कारण निरोप त्यांचाच असे. बाई तिला ‘आमच्या वकीलबाई’ म्हणायच्या. वर्षअखेरीला सेजलइतकं वर्गात कोणीच बोललेलं नव्हतं. तिचं अडखळणं गेलं नाही, ते आजही आहे. बोलणं मात्र थांबलं नाही. सेजल त्या वर्षी रोज शाळेत आली आणि बाई निवृत्त झाल्या त्या पहिलीच्याच वर्गातून.

निवृत्तीनंतर मी अधूनमधून पाचूबंदरला त्यांच्याकडे जात असे. ओट्यावर बसायचो. समोर दोरीवर बोंबील वाळत असत, त्या मला कोकम सरबत देत आणि शाळेची चौकशी करत. मी आठवड्यातली कामं सांगायला लागले की त्यांचा हात हळूच कानामागे जाई. ‘बंद केलंत ना?’ मी विचारी. ‘काय म्हणालात?’ त्या म्हणत. शेवटच्या भेटीत, ती उन्हाळ्याच्या सुरुवातीची असावी, थोड्या थकलेल्या वाटल्या. पण तेव्हाही नव्या पहिलीला कोण शिकवतं, मागे उभी राहते की पुढे, हे त्यांनी विचारलं. पुढे, मी म्हटलं.

जून सुरू झाल्यावर शाळेत बाईंसाठी एक छोटी सभा ठेवायचं ठरवलं आणि बोलणाऱ्यांची नावं मागवली. गेल्या आठवड्यात रोलँडची बायको येऊन एक प्लास्टिकची डबी देऊन गेली. आत ते मशीन होतं. ‘आंटीचं हे कोणाला उपयोगी पडलं तर बघा, मॅडम.’ मी डबी टेबलावर ठेवली आणि कामांच्या कागदावर लिहिलं: मशीन, गरजूला देणे. त्याच दुपारी सेजल आली. आता ती अकरावीत आहे, माझ्यापेक्षा उंच. चर्चमध्ये मी तिला सर्वांत मागे उभी पाहिली होती. ग्रुपवर नाव टाकायचं सोडून सभेत बोलायचंय हे सांगायला ती स्वतः आली होती. मी तिचं नाव लिहून घेतलं आणि प्रत्येकाला किती वेळ आहे ते सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिचं लक्ष डबीकडे गेलं. विचारून तिने झाकण काढलं. मशीन उचललं, त्याचं सेलचं बारीक झाकण नखाने बंद केलं आणि ते मुठीत धरलं. मुठीतून शिट्टी आली, अगदी बारीक.

‘चा... चालू आहे,’ ती म्हणाली. मग मूठ तशीच धरून माझ्याकडे बघत म्हणाली, ‘मोठ्या बाई, त्या दिवशी बाईंनी मशीन बंद केलं ना, तेव्हा मला वा... वा...’

पुढचा शब्द मला माहीत होता, कदाचित सगळं वाक्यच माहीत होतं. बाहेर मधल्या सुट्टीची घंटा झाली, पोरं ओरडत मैदानाकडे धावली, शिपाई दारात सहीचे कागद घेऊन उभा राहिला. मी त्याला हाताने थांब म्हटलं आणि पेन खाली ठेवलं. सेजलच्या मुठीत शिट्टी चालू होती. तिचं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं.